हमी आजन्म, कटर एका बहाराचा

शेंदूरजनाघाटात भावाभावांची वाटणी होते तेव्हा जमिनीवरून फारसं भांडण होत नाही. जमिनीचं काय ते तलाठी आणि मोजणीवाले पाहून घेतात. विहिरीच्या पाळ्या लावायला गावातले चार शहाणे बसतात. खरी वादावादी शेवटी होते, चहा झाल्यावर, कोठ्यातल्या लाकडी पेटीवरून. पेटीत आजोबांचा पाइप पाना असतो, एक पक्कड, दोन-तीन रिंग पाने, एक कानस, आरी आणि कलमाचा चाकू. मोटर लहान्याकडे गेली, मग पाना कुणाकडे? मोटर दर दोन-तीन उन्हाळ्यांत जळते, पाना मात्र कधीच बिघडत नाही. म्हणून मोटर देऊन पाना ठेवून घेणारा मोठा भाऊ आमच्याकडे धोरणी समजला जातो.

त्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूवर एक नाव ठोकलेलं असायचं, आणि त्या नावावर घरच्यांचा जिल्हा बँकेपेक्षा जास्त भरवसा होता. सब्बल, टिकास, पावडं म्हटलं की टाटांचं ॲग्रिको. गेल्या शतकातल्या विसाच्या दशकापासून या देशातले खड्डे त्याच नावाने खणले गेले. पक्कड आणि पेचकस म्हटलं की तापरिया. १९६९ साली स्वीडिश कंपनीचं तंत्र घेऊन ही मंडळी हत्यारं घडवू लागली, आणि त्यांच्या नाशिकच्या कारखान्यातली पक्कड घराघरांतल्या फ्यूजपर्यंत पोचली. मोटर मेकॅनिकच्या तोंडी गेडोर. गेडोर मुळात जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या डोविडाट बंधूंचं, १९१९ सालचं. पण आमच्याकडच्या मेकॅनिकला विचाराल तर तो छातीठोकपणे सांगायचा, ‘फरिदाबादचं हाय.’ तोही खोटं बोलत नव्हता, कारण भारतातला गेडोर तिथेच घडत होता.

भरवसा होता म्हणून आजोबा डोळे मिटून माल घेत, असं मात्र नाही. ते दुकानात विळा हातात घेत आणि बोटाची टिचकी मारत. खणखणीत वाजला तर पुढची परीक्षा, बद्द वाजला तर रामराम. मग खिशातून कानशीचा तुकडा काढून धारेवर फिरवत. कानस घसरली तर पोलादाला पाणी चांगलं बसलंय, रुतली तर लोखंड मऊ. एवढं करून झाल्यावर नाव वाचत, आणि नाव वाचून झाल्यावर भाव करत. दुकानदारालाही यात अपमान वाटत नसे. उलट जो टिचकी मारत नाही तो गिऱ्हाईक उधारीवाला असणार, असा त्याचा हिशेब असे.

आता टिचकी मारायची सोय राहिली नाही. हत्यार पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लास्टिकचं कवच ठोकलेलं असतं. कवच उघडायला कात्री लागते, आणि आपण तर कात्रीच घ्यायला आलेलो असतो. ‘उघडून दाखवा’ म्हटलं की दुकानदार म्हणतो, ‘उघडला तं घ्याच लागते, भाऊ.’ म्हणजे परीक्षा लग्नानंतर.

आमच्या गावाला हत्यारांचं एवढं काय पडलंय, असं कुणी विचारील. आमचं गाव वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. इथं संत्रा पिकतोच, पण त्याहून जास्त पिकतात संत्र्याच्या कलमा. जंभेरीचं बी टाकून पन्हेरी करायची. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला उलट्या टीच्या आकाराचा काप द्यायचा, साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकायचं. हिवाळ्यात गावाच्या चहूबाजूंनी हेच चाललेलं असतं. या कलमा ट्रक भरभरून मध्य प्रदेशात, राजस्थानात जातात. म्हणजे राजस्थानातला एखादा शेतकरी ज्या झाडाखाली बसून संत्रा सोलतो, त्या झाडाची सगळी पुण्याई आमच्याकडच्या एका बोटभर पात्यावर उभी असते. पातं बोथट असलं की साल फाटते, साल फाटली की डोळा सुकतो, आणि डोळा सुकला की शेतकऱ्याच्या वाट्याला संत्र्याऐवजी निखळ जंभेरी येते. ती इतकी आंबट असते, की खाणाऱ्याला आमचं गाव जन्मभर आठवावं.

आता गंमत पाहा. कलमा बांधणारा कसबी माणूस हा चाकू कोणत्या कंपनीचा वापरतो? कोणत्याच नाही. लोखंड कापायच्या करवतीचं तुटलेलं पातं, म्हणजे आपलं हेक्सा ब्लेड, तो घेतो. दगडावर त्याचे दात घासून टाकतो, एका बाजूला धार काढतो आणि दुसऱ्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ करतो. झाला चाकू. कंपनीचा पितळी कडीचा, पॉलिश केलेला, खास कलमांचा म्हणून विकत घेतलेला चाकूही त्याच्या घरी असतो. तो कृषी प्रदर्शनाच्या वेळी आणि फोटो काढायला कुणी आलं तर बाहेर निघतो.

चाकूचं असं जमलं, कटरचं जमत नाही. झाड छाटायचा कटर माणसाला विकतच घ्यावा लागतो, आणि संत्रावाल्याला तो दरसाल लागतो. आंबिया बहाराची तोड झाली की बागेतली सल काढायची असते. वाळलेली फांदी नुसती मोडून चालत नाही. खालचा दोन-तीन सेंटिमीटर जिवंत भाग घेऊन कापायची, कापाला बोर्डो मलम लावायचं, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मधल्या मधे कटर जंतुनाशक पाण्यात बुडवायचा. शास्त्रज्ञ हे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण हल्लीचा कटर त्या क्लोरीनच्या पाण्यात चार वेळा बुडवला की त्याची चमक पाण्यातच राहते. संध्याकाळपर्यंत झाड निर्जंतुक होतं आणि कटर निर्वंश.

असाच एक कटर मी घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव जुनं आहे, आजोबांच्या पेटीतलं आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. लाल मूठ, पिवळं बटन, पात्यावर जपानी पोलादाची ग्वाही. पुठ्ठ्यावर एक गोरा म्हातारा गुलाब छाटताना हसत होता. गुलाब छाटताना कुणीही हसेल. त्या म्हाताऱ्याला आमच्या बागेत फेब्रुवारीच्या उन्हात शिडीवर चढवा आणि मग फोटो काढा.

धुऱ्यालगतच्या ओळीतच कटरची स्प्रिंग उडाली. छाटणीच्या कटरची स्प्रिंग उडते तेव्हा ती कधीही मोकळ्या जमिनीवर पडत नाही, गवतात पडते, हा निसर्गनियम आहे. मग सगळे मजूर शिड्यांवरून उतरले आणि गवतात वाकून शोधू लागले. रोजी माणसांची जात होती आणि शोध पाच-दहा रुपयांच्या तारेचा चालला होता. अर्ध्या तासाने एका बाईने विचारलं, ‘बाप्पा, त्या स्प्रिंगीत सोनं हाय काय?’ मग शोध थांबवला.

पूर्वी अशी स्प्रिंग सुटी मिळायची. दुकानदार मागच्या कप्प्यातून बिस्किटांचा जुना डबा काढायचा आणि त्यात हात घालून, न पाहता, बरोबर तीच स्प्रिंग काढून द्यायचा. आता वरुडच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सुटं कायी येत नाई आता, भाऊ. पुरा कटरच घ्या ना. त्याच्यात येतेच स्प्रिंग.’ यापेक्षा बिनतोड उत्तर मी ऐकलेलं नाही. कोयता हरवला तर शेत घ्या, त्यात सापडेल.

आणि हे सगळीकडेच असं असतं, असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये फेल्को नावाची कंपनी आहे. फेलिक्स फ्लिश नावाच्या गृहस्थाने १९४५ साली ती काढली. तिच्या कटरचं पातं, स्प्रिंग, बोल्ट, मुठीचं आवरण असं सगळं सुटं मिळतं. एखाद्याने तीस वर्षांत एकेक करून सगळे भाग बदलले, तर त्याच्याकडचा कटर जुना म्हणायचा की नवा, यावर तिकडचे लोक वाद घालत असतील. आपल्याकडे हा वादच उद्भवत नाही. आपला कटर कायम नवाच असतो.

पाकिटावर आजन्म हमी लिहिली होती, म्हणून मी हमीचं कार्ड वाचलं. अक्षरं इतकी बारीक, की वाचण्यासाठी आधी आजोबांची भिंगाची काच शोधावी लागली. मजकूर साधारण असा होता: झीज, गंज, ओल, धूळ, अतिउष्णता, वस्तू खाली पडणे, अयोग्य वापर आणि सर्वसाधारण वापर यांमुळे आलेला दोष हमीत बसणार नाही. थोडक्यात, कटर कपाटात ठेवला आणि तो कपाटातच आपल्या मनाने मोडला, तर नवा मिळेल. कपाटाला ओल आली नसेल तर.

तरी फोन केला. आधी बासरी वाजली. मग हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की मलाच संकोच वाटू लागला. शेवटी एक मुलगी बोलायला आली. गोड बोलत होती, चूक तिची नव्हतीच. तिने गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘सर, शेंदूरजना अलग है और घाट अलग?’ मी म्हटलं, ‘बाई, घाट आमच्या नावातच आहे.’ तिच्या संगणकाला ते पटलं नाही. बदली कटर पाठवायचं मात्र तिने कबूल केलं आणि पाठवलाही. तो शेंदूरजना बाजारला गेला. ते तिवसा तालुक्यात आहे. तिथल्या कुणाच्या तरी बागेत आता सल निघत असेल. तोही संत्र्याचाच मुलूख, तेवढंच समाधान.

‘ग्राहक न्यायालयात जा,’ असं सांगणारे भेटलेच. कायदा चांगला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रार घरबसल्या ऑनलाइनही करता येते. पण तक्रारीसोबत पुरावा जोडायचा असतो, आणि माझा पुरावा गवतात होता.

या निमित्ताने हत्यारवाल्यांचा जुना काळ आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी त्याच्याकडे वळूनही पाहीनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकायला वर्षं गेली. आज कुणी इतका धीर धरील? आजच्या कंपनीने आठव्या दिवशी नांगराला लाल रंग दिला असता, पंधराव्या दिवशी त्याचं नाव बदललं असतं आणि महिन्याने जमीनच बदला म्हणून सांगितलं असतं. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारला. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. ते सुरुवातीला कारखान्याचं बातमीपत्र होतं, आणि बघता बघता मराठीतलं नामांकित मासिक झालं. म्हणजे एके काळी नांगर करणारी मंडळी गिऱ्हाइकाला कथा-लेख वाचायला पाठवत. मला कटरवाल्यांनी पाठवलेलं साहित्य एका ओळीचं होतं: ‘आपला अनुभव कसा होता? कृपया पाच तारे द्या.’ स्प्रिंग गेली तेव्हा दिसले होते तेवढे तारे मी देऊन टाकले.

हे दुःख एकट्या वऱ्हाडाचं असतं, तर आम्ही मुकाट सोसलं असतं. आम्हाला सवय आहे. पण श्रीमंत अमेरिकेचीही तीच गत. तिकडे सिअर्स नावाच्या दुकानसाखळीने १९२७ साली क्राफ्ट्समन नावाची हत्यारं काढली. त्यांच्या पान्यांना आजन्म हमी होती. मोडका पाना दुकानात न्यायचा, टेबलावर ठेवायचा आणि नवा घेऊन यायचा. पावती कुणी मागत नसे. तिकडच्या माणसांनी या एका गोष्टीवर दोन-तीन पिढ्या काढल्या. २०१७ साली सिअर्सने ते नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकरला विकून टाकलं आणि २०१८ साली सिअर्सनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. पाना टिकला, हमी देणारं दुकान टिकलं नाही. नव्या मालकांनी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे क्राफ्ट्समनसाठी मोठा यांत्रिक कारखाना उभारला. तोही बंद करत असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. आमच्या फरिदाबादच्या गेडोरचीही गोष्ट फार वेगळी नाही. ती पुढे झालानी टूल्स झाली, आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली आणि संपली. मेकॅनिक मात्र अजून जुन्या बाजारात तो शिक्का शोधतात, आणि मिळाला की नव्या पान्यापेक्षा जास्त पैसे मोजतात.

बिघडलं कुठे, यावर आमच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी चर्चासत्र असतं. एक पक्ष म्हणतो, पोलाद बिघडलं. पूर्वी तापवून, ठोकून घडवलेलं हत्यार यायचं, आता साच्यात ओतलेलं येतं आणि वर क्रोमचा मुलामा. वरून दोन्ही सारखीच चकाकतात, फरक पहिल्या जाड फांदीला कळतो. दुसरा पक्ष म्हणतो, पोलाद तेच आहे, नाव बिघडलं. पूर्वी ज्याचं नाव त्याचीच भट्टी असे. आता नावाचा मालक एका शहरात, पातं दुसऱ्या देशात, मूठ तिसरीकडे, आणि पाकीट भरणारा भलतीकडेच. तक्रार न्यायची तर कुणाकडे? पातेवाला म्हणतो मूठ ढिली, मूठवाला म्हणतो पातं जड. आमच्या नगरपरिषदेत नाली तुंबली की नेमकं हेच चालतं, म्हणून हा मुद्दा सगळ्यांना चटकन पटतो. तिसरा पक्ष आमच्या मोठ्या काकाजींचा, आणि तो एकट्याचाच आहे. त्यांचं म्हणणं, ‘तुमीच बिघडले, राजेहो. साडेतीनशेचा कटर अडीचशेत मांगता, आन् मंग त्याच्यात आबाजीच्या काळचं पोलाद पाह्यजे म्हंता. शंभर रुपयाचं पोलाद काढूनच तं देते तो!’ यावर कुणाकडे उत्तर नसतं, म्हणून खर्रा मागवला जातो आणि विषय कापसाच्या भावावर जातो.

शेवटी मी तो कटर घेऊन घिसाड्याकडे गेलो. दिवाळीनंतर ही मंडळी येतात आणि रस्त्याच्या कडेला पाल ठोकतात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा पंखा आणि मातीत रोवलेली ऐरण, एवढाच कारखाना. त्याने कटर हातात घेतला, पात्याला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी टिचकी मारताना पाहून मला भरून आलं. मग त्याने ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा भट्टीत घातला. तो लालबुंद झाल्यावर सांडशीने ऐरणीवर धरला आणि बायकोला खूण केली. ती उभी राहिली आणि घण उचलला. एवढासा तुकडा, त्यावर तो छोट्या हातोडीने जागा दाखवणार आणि ती बरोबर तिथेच घण टाकणार. दोघांत एक शब्द नाही. आमच्या घरी एवढ्या समजुतीने चहासुद्धा होत नाही.

पात्याचा आकार आला, धार आली. मग पाणी पाजायची वेळ. लाल पातं पाण्यात गेलं, चर्र आवाज झाला. बाहेर काढून त्याने दगडाने त्यावरची काजळी घासली आणि ते पुन्हा विस्तवाजवळ धरलं. उघड्या लोखंडावर रंग सरकायला लागला, आधी फिका पिवळा, मग गवताच्या काडीचा. धारेवर तो पोचला तेवढ्यात पातं पुन्हा पाण्यात. ‘याच्यापुढे निळं होऊ देलं तं नरम पडते,’ तो म्हणाला. स्प्रिंगसाठी मात्र त्याने तार निळीच होऊ दिली, कारण स्प्रिंगेला लवावं लागतं. जपानी पोलादाची ग्वाही देणाऱ्या पुठ्ठ्यावर यातलं एक अक्षर नव्हतं.

मी सवयीने विचारलं, ‘गॅरंटी?’

तो म्हणाला, ‘मोडलं तं आणजा.’

‘कुठे आणू? तुझा पत्ता ना फोन.’

‘पुढच्या साली इथंच हाय ना मी.’

‘मग पात्यावर नाव तरी ठोक तुझं.’

तो हसला. म्हणाला, ‘नाव कायले पाह्यजे, भाऊ? मीच येतो ना.’

तेव्हापासून सगळ्या नामवंत हत्यार कंपन्यांना माझी एक नम्र सूचना आहे. टोल फ्री नंबर बंद करा, हमीचं कार्ड छापू नका, तारेही मागू नका. फक्त वर्षातून एक दिवस, आंबियाची तोड झाली की, कंपनीच्या मालकाला आमच्या गावच्या स्टँडवर बसवा. जेवायची सोय आम्ही करू. झुणका-भाकर आणि वर संत्रे, हवे तेवढे. त्याने फक्त समोर येईल तो मोडका कटर हातात घ्यायचा आणि आणणाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचं. दुपारपर्यंत बसला तरी पुरे. संध्याकाळच्या गाडीने तो परत जाईल तेव्हा पोलाद कुठलं घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवायची गरज पडणार नाही. आणि येताना डबाभर सुट्या स्प्रिंगा आणल्या, तर आहेर म्हणून ठेवून घेऊ.